मिडेविनला जायचंय? शिकागोकडच्या मराठी मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना आला की भारतातून आई-बाबा येतात, मुलांच्या शाळा संपत येतात आणि नेपरव्हिल, ऑरोरा, बोलिंगब्रुककडच्या घराघरात एकच विषय, वीकेंडला न्यायचं कुठे. डाउनटाऊन झालं, मंदिरं झाली, मॉल तर दोनदा झाले. मग कोणीतरी मिडेविनचं नाव काढतं आणि मागोमाग प्रश्न सुरू. दर वेळी तेच प्रश्न आणि मी दर वेळी तीच उत्तरं टाइप करत बसते, म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकते. अधिकृत माहिती, नकाशे, कुठला ट्रेल (फिरायची वाट) बंद आहे वगैरे फॉरेस्ट सर्व्हिसच्या वेबसाइटवर आहेच. हे आपलं घरगुती.

हे नक्की आहे काय? नॅशनल पार्क का?

नाही. पूर्ण नाव मिडेविन नॅशनल टॉलग्रास प्रेरी, म्हणताना जोर मधल्या ‘डे’वर. इलिनॉयच्या विल काउंटीत, जोलिएटच्या दक्षिणेला, विल्मिंग्टन गावाजवळ. नॅशनल पार्कवाल्यांचं नाही, यूएस फॉरेस्ट सर्व्हिसचं आहे, सोबत राज्याचं नॅचरल रिसोर्सेस खातं. १९९६ साली कायदा होऊन हे सुरू झालं आणि ‘नॅशनल टॉलग्रास प्रेरी’ म्हणून देशात जाहीर झालेली ही पहिली जागा. आकार १८ हजार एकरांच्या वर, म्हणजे बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या पाऊणेक धरा. पण डोंगर नाही, धबधबा नाही, लेणी नाहीत. गवत आहे.

एक गोष्ट आधीच सांगते म्हणजे नंतर माझ्यावर खापर नको. हे तयार पार्क नाहीये, इथे काम चालू आहे. शेकडो वर्षांचं गवत आधी नांगराने गेलं, मग तिथे दारूगोळ्याचा कारखाना आला, आणि आता त्याच जमिनीवर परत प्रेरी उभी करायचा उद्योग चाललाय. काही तुकडे इतके देखणे झालेत की गाडी थांबवून बघत राहावं, आणि काही ठिकाणी चक्क मका नाहीतर सोयाबीन उभं दिसतं आणि लोकांना वाटतं आपण चुकून कोणाच्या शेतात शिरलो. चुकला नाहीत, तो तुकडा अजून रांगेत आहे. तोवर तिथे पीक घेतात, म्हणजे तण माजत नाही आणि नंतर पेरणीला जमीन तयार मिळते.

प्रेरी म्हणजे आपलं माळरानच ना?

नात्यातलं आहे, पण तेच नाही. माझं माहेर सोलापूरकडचं, त्यामुळे गवताळ रान म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर नान्नजचं माळढोक अभयारण्य येतं, गुडघ्याएवढं गवत, मुरमाड जमीन, मधूनच बोरीबाभळी. इथे उलट. माती काळीभोर आणि खोल, पाऊस-बर्फ भरपूर, आणि गवत माणसाच्या डोक्यावरून जातं. बिग ब्लूस्टेम नावाचं इथलं मुख्य गवत सप्टेंबरपर्यंत सहा-आठ फूट होतं. आणि ते झालं वरचं, खाली मुळं १० फुटांपर्यंत जातात. प्रेरीचा मोठा हिस्सा जमिनीच्या पोटात असतो, आपण बघतो तो नुसता वरचा शेंडा.

या मुळांनीच हजारो वर्षं कुजून कुजून ती काळी माती तयार केली, आणि तीच माती प्रेरीच्या मुळावर आली. मुळांचं जाळं इतकं घट्ट आणि माती इतकी चिकट की साध्या नांगराला ती दाद देत नव्हती. १८३७ साली जॉन डिअर नावाच्या लोहाराने इलिनॉयमधल्याच ग्रँड डीटूर गावात पोलादी फाळाचा नांगर केला आणि मग बघता बघता सगळं उलथलं गेलं. या राज्यात एके काळी साधारण २ कोटी २० लाख एकर प्रेरी होती. मूळ, कधीच न नांगरलेली अशी आता त्यातली एक टक्क्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी उरलीय, ती पण कुठे रेल्वेलाइनच्या कडेला, कुठे जुन्या दफनभूमीत. लायसन्स प्लेटवर लिंकन आणि राज्याचं टोपणनाव मात्र अजून ‘प्रेरी स्टेट’.

आपल्याकडे माळरानाची सरकारी कागदात पडीक जमीन म्हणून नोंद होते आणि मग तिथे कोणीही काहीही करायला मोकळं. इथेही शंभर-दीडशे वर्षांपूर्वी हेच झालं, फक्त जमीन सुपीक असल्यामुळे जास्त पटकन झालं.

बायसन दिसतात का? (हा खरा प्रश्न, बाकीचे सगळे त्याच्या आडून विचारलेले)

दिसतात (बायसन म्हणजे इथला गव्यासारखा केसाळ रानटी प्राणी). कधी कधी. ऑक्टोबर २०१५ मध्ये इथे २७ बायसन आणले, साउथ डकोटामधून २३ माद्या आणि कोलोराडोमधून चार नर, आणि आता इथेच जन्मलेली पिल्लं मिळून कळप बराच वाढलाय. पण त्यांना फिरायला हजार एकरांहून मोठं कुंपण घातलेलं रान आहे, आणि त्यांना आपल्या वीकेंडशी काही देणंघेणं नाही. कधी अगदी कुंपणाजवळ रवंथ करत बसलेले असतात, कधी पलीकडच्या उतारावर काळे ठिपके, आणि कधी काहीच नाही. लोक एवढे मैल गाडी चालवून येतात, दहा मिनिटं कुंपणाला टेकून उभे राहतात, “छे, काही नाही इथे” म्हणून परत फिरतात, आणि त्यांच्या पायाशी जुलैचा सगळा फुलोरा उभा असतो. मला ह्याचा भयंकर राग येतो, पण असो.

चान्स वाढवायचा असेल तर हे करा. सुरुवात आयर्न ब्रिज ट्रेलहेडपासून (ट्रेल जिथून सुरू होतो ती जागा) करा, तिथून कुरणाकडे जाता येतं. सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी जा, भर दुपारी ते पण उन्हाला कंटाळून पडलेले असतात. बायनॉक्युलर घ्याच, फोनच्या झूमने फक्त तपकिरी डाग येतो. आधी वेलकम सेंटरला थांबून विचारा की आज कळप कुठल्या बाजूला आहे, त्यांना बऱ्याचदा माहीत असतं. एप्रिल-मेमध्ये पिल्लं होतात, केशरी तांबूस रंगाची, आईच्या गडद अंगाशेजारी लांबूनही कळतात.

कुंपणाच्या आत हात घालायचा नाही, चढायचं नाही, मुलाला कठड्यावर बसवून फोटो नाही. मोठा नर ९०० किलोपर्यंत भरतो आणि एवढं धूड ताशी ५५ किलोमीटरच्या वेगाने पळू शकतं. शेपटी ताठ वर गेली की त्याचा मूड गेलाय असं समजा.

बायसन फक्त बघायला ठेवलेत का?

नाही, ते कामाला आहेत. २० वर्षांचा प्रयोग म्हणून त्यांना इथे आणलंय. बायसन मुख्यतः गवत खातो आणि फुलझाडं बरीचशी सोडून देतो, त्यामुळे गवताचा जोर कमी होतो आणि फुलांना जागा मिळते. शिवाय चरतो पण एकसारखं नाही, इथे आखूड तिथे उंच असं ठेवतो, आणि जमिनीत लोळून लोळून खड्डे करतो ज्यात पावसाचं पाणी साचतं. हे असलं वेडंवाकडं रान पक्ष्यांना आवडतं. कोणाला उघडी जमीन लागते, कोणाला घोट्याएवढं गवत, हेन्स्लोज स्पॅरोसारख्या चिमण्यांना दाट आणि उंच.

मग दुसरीकडे साध्या गाई चरताना दिसतात, त्या कशाला?

त्यांचीही तीच नोकरी. आसपासचे शेतकरी परवानगी घेऊन गुरं सोडतात, आणि गवत आखूड राहतं. अपलँड सँडपायपर म्हणून एक लांब मानेचा पक्षी आहे, त्याला असंच आखूड गवत लागतं, आणि तो इलिनॉयमध्ये फार थोड्या जागी उरलाय. हिवाळ्यात दक्षिण अमेरिकेत जातो आणि उन्हाळ्यात अंडी घालायला इथे येतो. बोबोलिंकचंही तेच. काळ्या अंगाचा, डोक्यामागे पिवळट टोपी, उडता उडता असा काही विचित्र गातो की जुन्या रोबोट खेळण्याची बॅटरी संपत आलीय असं वाटतं. मे-जूनमध्ये कान उघडे ठेवा.

तिकीट किती? कसं जायचं?

तिकीट नाही, पार्किंगलाही पैसे नाहीत. नेपरव्हिलकडून पाऊण-एक तास, डाउनटाऊनपासून साधारण ५० मैल. आय-५५ ने खाली यायचं, मग रूट ५३. हा ५३ म्हणजेच जुना रूट ६६, ज्यांना तसल्या जुन्या रस्त्याचं वेड आहे त्यांना विल्मिंग्टनमध्ये तो हातात रॉकेट धरलेला हिरवा पुतळा, जेमिनी जायंट, पण बघून होईल. गाडीशिवाय येणं अवघड, बस-ट्रेनच्या नादी लागू नका. एल्वुडच्या बाजूला मोठी मालधक्क्याची यार्डं आणि गोडाऊनं आहेत, त्यामुळे कामाच्या दिवशी कंटेनर ट्रकांच्या रांगा लागतात. नवीन ड्रायव्हिंग शिकलेल्याला शक्यतो रविवारी चालवू द्या.

वेलकम सेंटर रूट ५३ वरच आहे, पण रोज उघडं नसतं, निघण्याआधी वेळ बघा. ट्रेल मात्र ते बंद असलं तरी चालू.

आई-बाबांना झेपेल का?

झेपेल, जमीन सपाट आहे, चढ असा नाहीच. बरेच ट्रेल म्हणजे कारखान्याच्या काळातले रुंद जुने रस्ते, खडी टाकलेले, दोघं-तिघं शेजारी शेजारी गप्पा मारत चालता येईल असे. काही ठिकाणी नुसतं कापलेलं गवत असतं, तिथे गुडघेदुखीवाल्यांनी जपून. खरी अडचण दोनच. एक म्हणजे सावली नाही. बाबा म्हणतील “सोलापूरच्या उन्हात वाढलोय मी”, त्यांना टोपी घालाच, इथे हवा दमट असते आणि ऊन लागल्याचं कळत नाही. दुसरं टॉयलेट. ट्रेलहेडला सोय अगदी साधी, नळाचं पाणी धरू नका, त्यामुळे वेलकम सेंटर उघडं असेल तर तिथेच आटपून घ्या आणि पिण्याचं पाणी घरूनच जरा जास्त घ्या. बसायला बाक जागोजाग नाहीत, आमच्याकडे घडीची खुर्ची गाडीत असते आणि ती सासूबाईंची म्हणूनच ओळखली जाते.

मुलं कंटाळतील का?

नुसतं “बघ किती छान गवत” म्हणालात तर पाचव्या मिनिटाला कंटाळतील, मीही कंटाळेन. त्यांना हाताला काम द्या. प्रेरी डॉक नावाचं झाड शोधायला सांगा, जमिनीलगत सुपाएवढी रुंद, खरखरीत पानं उभी असतात. भर दुपारी ते पान दोन तळव्यांच्या मध्ये धरायचं. माठाला हात लावल्यासारखं गार लागतं, कारण मुळं खूप खोलातलं थंड पाणी ओढून आणतात. माझ्या भाच्याने आधी विश्वास ठेवला नाही, मग प्रत्येक पानाला हात लावत सुटला आणि आम्ही तिथेच अडकलो.

त्याचंच भावंड कंपास प्लांट. खालची पानं खोल कापलेली, आणि ती कड उत्तर-दक्षिण करून उभी राहतात, म्हणजे सकाळचं आणि संध्याकाळचं ऊन पानाच्या पसरट बाजूवर पडतं आणि दुपारचं फक्त धारेवर. फोनचं कंपास काढून मुलांना ताडून बघू दे, दर पान बरोबर निघत नाही, पण पाच-सहा पानं बघितली की दिशा कळते. बिग ब्लूस्टेमचा तुरा तीन बोटांत फुटतो, टर्कीच्या पायासारखा, म्हणून त्याला टर्कीफूट पण म्हणतात, तो ओळखायला सगळ्यात सोपा. मिल्कवीडच्या पानाखाली मोनार्क फुलपाखराची पट्टेरी अळी सापडली तर मग तुमचा पुढचा अर्धा तास गेला. बघायचं, उचलायचं नाही.

मोठी, फोनमध्ये डोकं घातलेली मुलं असतील तर त्यांना बंकर दाखवा.

हो, ते बंकर काय प्रकार आहे?

टेकाडासारखे गवताने झाकलेले सिमेंटचे कोठे, ओळीने, एकामागे एक, शेकडो. पुढे जाड लोखंडी दार. दुसऱ्या महायुद्धासाठी सरकारने १९४० मध्ये इथली साधारण ३६ हजार एकर जमीन शेतकऱ्यांकडून घेतली, पिढ्यान्‌पिढ्या कसणारी कुटुंबं थोड्या महिन्यांत उठवली, आणि जोलिएट आर्सेनल उभं केलं. एका भागात टीएनटी हे स्फोटक बनायचं, दुसऱ्या भागात ते बॉम्ब, तोफगोळे आणि सुरुंगांमध्ये भरायचं, आणि तयार माल या कोठ्यांमध्ये. एकमेकांपासून लांब आणि वर मातीचा थर कशासाठी, तर एक उडाला तर धक्का वर जावा, शेजारचा उडू नये. युद्धाच्या काळात इथे १० हजारांहून जास्त माणसं कामाला होती, त्यात बायका पुष्कळ. ५ जून १९४२ च्या पहाटे सुरुंग भरायच्या लाइनवर स्फोट झाला आणि ४८ कामगार गेले. मग कोरिया, मग व्हिएतनाम, आणि १९७० च्या दशकात कारखाना थंडावला.

गंमत बघा, दारूगोळा होता म्हणून भोवती मोकळी जमीन राखली, आत कोणाला सोडलं नाही, आणि म्हणून शिकागोच्या इतक्या जवळ एवढा मोठा सलग तुकडा घरं-मॉल न होता उरला. बंद झाल्यावर याचं काय करायचं यावर बरीच ओढाताण झाली आणि शेवटी वाटण्या झाल्या. मोठा वाटा प्रेरीला, एक लिंकनच्या नावाच्या सैनिकी दफनभूमीला, एक कचऱ्याच्या लँडफिलला आणि बाकी उद्योगांना. म्हणून मिडेविनमध्ये उभं राहून एका बाजूला फुलं आणि क्षितिजावर गोडाऊनचे पांढरे डबे असं दिसतं. फोटोत येऊ नयेत म्हणून लोक वाकडे-तिकडे होतात, मी म्हणते येऊ देत, ते पण इथलंच आहे.

सगळ्या कोठ्यांची दारं उघडी नसतात. जिथे आत जायला दिलेलं असेल तिथेच जा, आणि आत गेल्यावर मुलांना एकदा ओरडू दे. आवाज घुमत राहतो, घुमतच राहतो, पोरं खूश.

मग जमिनीत विषारी काही नाही ना?

रास्त शंका आहे. कारखान्याचे भाग सुपरफंड यादीत होते, म्हणजे केंद्र सरकारने सफाईसाठी लावलेली सगळ्यात गंभीर जागांची यादी. सफाई लष्कराच्या अंगावर होती. टीएनटीने खराब झालेली माती खणून काढली आणि चक्क कंपोस्ट केली, खत-भुसा मिसळून जिवाणूंकडून ते रसायन खाववलं. वर्षानुवर्षं चाललं ते काम, आणि जमीन सुद्धा एकदम न देता टप्प्याटप्प्याने फॉरेस्ट सर्व्हिसकडे आली. जे ट्रेल लोकांसाठी उघडे आहेत त्यावर फिरायला काही भीती नाही. पण पाटी लावून बंद केलेला भाग म्हणजे बंद, तिथे “जरा आत जाऊन बघू” करू नका, आणि जमिनीत गंजलेलं काही लोखंड अर्धवट दिसलं तर हात न लावता स्टाफला सांगा.

आम्ही गेलो तेव्हा सगळं जळून काळं झालं होतं. वणवा लागला होता का?

लावला होता. मुद्दाम, परवानगीने, वारा-ओल बघून, आग पसरू नये म्हणून बाजूने मोकळे पट्टे तयार करून. साधारण मार्च-एप्रिलमध्ये आणि कधी हिवाळ्याच्या आधी. प्रेरीच्या गवताचे कोंब जमिनीखाली असतात, त्यांना आगीने काही होत नाही, झुडपं आणि बाहेरून आलेली रोपं मात्र मरतात. काळी जमीन ऊन पटकन धरते, आणि काही आठवड्यांत त्याच राखेतून हिरवा थर वर येतो. माणसांनी गवत पेटवणं हे इथे नवीन नाही, पोटावाटोमी आणि इतर मूळ लोक हे आधीपासून करत आले, शिकारीला आणि रान मोकळं ठेवायला. आपल्याकडेही डोंगर पेटवतात, पण कोणी कधी कुठे काडी लावेल याला काही धरबंध नसतो, म्हणून ते उदाहरण देऊन इकडच्या आगीला नावं ठेवू नका.

पण झाडं का तोडतायत? हे कसलं संवर्धन?

यावर घरोघरी भांडणं होतात. आपण सगळे ‘झाडे लावा झाडे जगवा’ लिहिलेल्या भिंती बघत मोठे झालो, त्यामुळे फॉरेस्ट सर्व्हिसचा माणूस करवत घेऊन झाडं पाडतोय हे दिसलं की आतून कुठेतरी दुखतं. पण नीट बघा कुठली झाडं. शेतकऱ्यांनी तारेच्या कुंपणाच्या आधी बांधावर लावलेले ऑसेज ऑरेंजचे काटेरी पट्टे, नंतर पसरलेलं ऑटम ऑलिव्ह, हनीसकल, बकथॉर्न. यातलं काही इथलं नाही, आणि एकदा माजलं की खाली गवताला ऊनच मिळत नाही.

शिवाय माळावरच्या पक्ष्यांना झाड म्हणजे धोका. झाडावर ससाणा-घुबड बसून टेहळणी करतं, काउबर्ड बसून कोणाचं घरटं कुठे आहे बघते आणि त्यात आपली अंडी टाकून जाते. म्हणून बोबोलिंकसारखे पक्षी उंच झाडांच्या ओळीजवळ घरटंच करत नाहीत. दोन शेतांमधली एक ओळ काढली की दोन छोटी कुरणं मिळून एक मोठं होतं, आणि अशा मोठ्या सलग जागेलाच तर हे पक्षी तरसलेत. ओढ्याकाठचे जुने ओक मात्र ठेवतात. आपल्या गावाकडे माळावर खड्डे काढून सरसकट झाडं लावायचा उपक्रम निघाला तर इथलं उदाहरण जरूर सांगा, लोक आधी तुमच्याकडे विचित्र बघतील.

झाडांबरोबर अजून एक गोष्ट काढतात ती दिसत नाही. शेतातलं पाणी निघून जावं म्हणून जमिनीखाली भाजक्या मातीचे पाइप घातलेले होते, ते फोडतात. मग पाणी साचायला लागतं, आणि वेटलँड्स इनिशिएटिव्हसारख्या संस्थांच्या मदतीने पाणथळ परत येतात. मार्च-एप्रिलमध्ये संध्याकाळी तिथे बेडकांचा इतका कल्ला असतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही.

कधी यावं मग?

माझं मत विचाराल तर जुलैचा शेवट ते सप्टेंबर. जुलैत कोनफ्लॉवर, ब्लेझिंग स्टारचे जांभळे दांडे, कंपास प्लांटची पिवळी फुलं पार डोक्यावर. सप्टेंबरमध्ये गवत सगळ्यात उंच, मोनार्क मेक्सिकोच्या वाटेवर. मेमध्ये शूटिंग स्टारची छोटी गुलाबी फुलं आणि पक्षी. ऑक्टोबरमध्ये सगळं रान तांबूस होतं आणि डास नसतात, हे काही कमी नाही. हिवाळ्यात पण जाता येतं, वारा कापून काढतो, पण नॉर्दर्न हॅरियर हा शिकारी पक्षी गवताला चाटून उडताना दिसतो. एप्रिलमध्ये पाहुण्यांना नेऊ नका, त्यांना राखच दिसेल आणि वर तुम्हाला आगीवर लेक्चर द्यावं लागेल.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हरणांच्या शिकारीचा सीझन असतो, वसंतात टर्कीचा. परवाना घेऊन इथे शिकार चालते, तेव्हा काय उघडं काय बंद ते बघून निघा आणि भडक केशरी जॅकेट घाला.

टिक्स, साप वगैरे?

टिक्स (गोचिड्या) आहेत, हे हलक्यात घेऊ नका, त्या चावून होणारा लाइम डिसीज हा खरा आजार आहे. फुल पँट, पँट मोज्यात खोचायची, फिकट रंगाचे कपडे, ट्रेलच्या मधोमध चालायचं, घरी आल्यावर सगळ्यांची तपासणी, आज्यांचीसुद्धा. कोणी “काय ते कार्टूनसारखं पँट मोज्यात” म्हणालं तर म्हणू द्या. पॉइझन आयव्ही, तीन पानांची, ती ओळखायला शिका. वाइल्ड पार्सनिप म्हणून पिवळ्या छत्रीसारख्या फुलाचं एक झाड आहे, त्याचा चीक अंगाला लागून ऊन लागलं की भाजल्यासारखे फोड येतात, मुलांना ते तोडू देऊ नका. साप दिसलाच तर बहुधा गार्टर स्नेक, निरुपद्रवी, तो तुमच्या आधी पळतो. कोयोटी संध्याकाळी ओरडतात, काही करत नाहीत. ढग गडगडले तर मात्र सरळ गाडीकडे, कारण एवढ्या मोकळ्यात सगळ्यात उंच तुम्हीच असता.

गणपतीत पत्री आणि गौरीला फुलं तिथून आणली तर चालतील का?

नाही हो. दर वर्षी कोणीतरी विचारतंच, कारण नेमकं गणपतीच्या सुमारास सगळं रान फुललेलं असतं आणि हात शिवशिवतात. फूल, पान, बी, काहीच तोडायचं नाही. इथे लीफी प्रेरी क्लोव्हरसारखी केंद्र सरकारच्या धोक्याच्या यादीतली रोपं आहेत, चुनखडीचा खडक अगदी वर आलेल्या पातळ मातीत वाढणारी, आणि तुम्ही-मी ती ओळखणार नाही. एकेक बी लोकांनी हाताने गोळा करून पेरलंय. पत्री परसातली काढा, कोनफ्लॉवर आणि ब्लेझिंग स्टार आवडले असतील तर नेटिव्ह नर्सरीतून रोपं आणून अंगणात लावा, दोन वर्षांत गौरीपुरती फुलं घरची होतात. पहिल्या वर्षी झाड जमिनीवर काही दाखवत नाही, मुळं करत बसतं, उपटून फेकू नका.

कुत्रा, सायकल, घोडा?

कुत्रा पट्ट्यावर चालतो. सायकल आणि घोडा ठरावीक ट्रेलवर, नकाशात खूण असते.

खायला काय मिळतं?

काही नाही. घरून दशम्या, धपाटे, दही, चटणी न्या, रान बघत खायला तेच बरं. ग्रिल-शेगडी पेटवायच्या भानगडीत पडू नका, वाळलेल्या गवताच्या १८ हजार एकरांत कोणालाच ते आवडणार नाही. कचरा परत घरी. रात्री राहायची हौस असेल तर जवळच कांकाकी रिव्हर स्टेट पार्क आहे, तिथे तंबूची सोय आहे आणि नदी पण.

मुलीला शाळेसाठी सर्व्हिस आवर्स (समाजसेवेचे तास) हवेत, इथे व्हॉलंटियर करता येतं का?

येतं, आणि खरं सांगू, मिडेविन बघायचं हेच सगळ्यात चांगलं निमित्त. वाढत्या सीझनमध्ये बियांच्या वाफ्यातली खुरपणी असते, शरद ऋतूत बी गोळा करणं. बादली गळ्यात अडकवायची, हातमोजे, आणि एकाच जातीच्या झाडामागे लागायचं, आज फक्त ब्लेझिंग स्टार, दांडा मुठीत धरून खालून वर ओढला की भुरभुर बी हातात. नंतर ते वाळवायचं, पाखडायचं, आणि मिश्रण करून पेरायचं. आमच्या आईने सूप मागितलं होतं पाखडायला, तिथल्या बायकांना तिची पद्धत बघून भारी वाटलं. वयाची अट आणि तारखा वेबसाइटवर बघा, लहान मुलांसोबत पालक लागतात. मुलगी आवर्ससाठी जाईल आणि कदाचित नंतर आवर्स न मोजता पण जाईल, पण तशी गॅरंटी मी देत नाही.

मंडळाची ट्रिप न्यायची आहे, परवानगी लागते का?

७५ किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर फॉरेस्ट सर्व्हिसची आगाऊ परवानगी लागते, हा त्यांच्या सगळ्याच जमिनींना लागू असलेला नियम आहे. ७० असतील तर लागत नाही, पण तरी आधी फोन करा, कारण ट्रेलहेडची पार्किंग छोटी असते आणि आपण प्रत्येक जण वेगळी गाडी घेऊन येतो. दोन गट करा, एक आयर्न ब्रिजला, एक बंकरकडे, मग अदलाबदल. जमलं तर त्यांच्या माणसासोबतचा टूर ठरवा, बंकरचे टूर ते अधूनमधून करतात. अंताक्षरी परतीच्या गाडीत. आणि कोणी ब्लूटूथ स्पीकर आणला तर तो डिकीतच राहील हे आधीच सांगून ठेवा.